बोटीच्या वाटेवरचं स्वयंपाकघर

ऑटिली मॅक्फर्सनला पोहता येत नाही. तरी सीडर बेला उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला पोहायला कुठे जायचं, ते तीच सांगते. सँडी आयलंडच्या खडकांवर पोपटमासे कुठल्या अंगाला चरतात, पाणी कधी नितळ असतं, मास्कला आतून थुंकी कशी चोळायची, सगळं सांगते. स्वतः त्या बेटावर ती कधी गेली नव्हती. मी एकदा तिला तसं म्हणालो.

"विन, मी देवही पाहिलेला नाही," ती म्हणाली. "तरी दर रविवारी त्याच्याबद्दल बोलतेच की नाही?"

मी तिचा शेजारी, विनफील्ड बेडो. जन्मभर गवंडीकाम केलं, आता गुडघे नको म्हणतात. कॅरिआकू बेटाच्या या बाजूला सिमेंटचं जे उभं आहे, त्यातलं बरंचसं मी उभं केलं. जे वाकडं आहे ते दुसऱ्यांचं.

ऑटिली तरुणपणी इथून इंग्लंडात हडर्सफील्डला गेली आणि एका लाँड्रीत इस्त्री करायला लागली. तिथल्या थंडीत गरम इस्त्रीपाशी उभं राहायला मिळतं म्हणून बाकीच्या मुली तिचा हेवा करायच्या, असं ती सांगते. उभं राहून राहून पायांच्या शिरा फुगल्या. पैसे साठवले, परत आली आणि वडलांच्या जागेवर पाहुण्यांसाठी तीन खोल्या बांधल्या. म्हणजे मी बांधल्या. लग्न केलं नाही. "पुरुषांचे शर्ट बघून बघून कंटाळा आला," एवढंच कारण देते.

तिच्या खोल्यांच्या बाहेर एक निळी फळी टांगलेली आहे. पाहुण्यांनी दिवस कसा घालवायचा ते तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं. बेटावर मासे बघणे. डोंगरावरून पायवाटेने अ‍ॅन्स ला रोशच्या किनाऱ्यावर उतरणे. खारफुटीच्या मुळांना लागलेली कालवं बघणे. शनिवारी मोठ्या ढोलाचा नाच. आणि सगळ्यात खाली, थोड्या मोठ्या अक्षरात: कथबर्टची बोट बघणे, रविवार सोडून रोज.

कथबर्ट तिचा धाकटा भाऊ. तो बेट सोडून कधी गेला नाही. वडलांसारखा तोही बोटी बांधायचा, नकाशा न काढता, नुसत्या नजरेने. एक डोळा मिटायचा, फळीकडे बघायचा, रंधा मारायचा, परत बघायचा. त्याच्या कामात मला कधी खोट दिसली नाही. मला सहसा दिसते.

त्याची जागा ठरलेली. चिंचेच्या झाडाखाली बोट उभी करायची आणि तिथून सरळ खाली समुद्रात ओढायची. त्या पट्ट्याला आम्ही बोटीची वाट म्हणायचो. एका बाजूला ऑटिलीच्या खोल्या, दुसऱ्या बाजूला त्यांच्या आजोबांची दगडी टाकी. पावसाचं पाणी साठवायची टाकी. अर्धं गाव उन्हाळ्यात तिच्यावर जगतं.

मग फायबरच्या बोटी आल्या आणि लाकडाच्या बोटीला गिऱ्हाईक राहिलं नाही. वाटेत गवत वाढलं, शेळ्या चरायला लागल्या. ऑटिलीला मोठं स्वयंपाकघर हवं होतं आणि जागा तेवढीच उरली होती. तिने भावाला विचारलं. कथबर्ट म्हणाला, "बांध. माझे हात संपले आता." पायाची दोरी मी ताणली तेव्हा दुसरं टोक त्यानेच धरलं होतं.

ते स्वयंपाकघर मी मन लावून बांधलं. चारही कोपऱ्यांत लोखंड घातलं, लागतं त्याहून जास्त. जोत्याला काँक्रीटचा उंच उंबरठा केला, भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून. ओळंबा लावला की दोरा भिंतीला कागदासारखा चिकटायचा.

कथबर्टचे हात दोन पावसाळे संपलेले राहिले. मग एक दिवस त्याने जंगलातून सीडरचा एक लांब ओंडका ओढत आणला आणि चिंचेखाली तासायला बसला.

"काय करतोस?" ऑटिलीने विचारलं.

"लहानशी. मासेमारीपुरती. तुझ्या भिंतीच्या कडेने निघेल."

भिंत आणि टाकी यांच्यामध्ये हातगाडी जाईल एवढी जागा उरली होती. लहान बोट आडवी करून निघाली असती. पण कथबर्टने फासळ्या उभ्या केल्या आणि त्या जरा रुंद झाल्या. मग त्या मानाने उंची कमी वाटली म्हणून एक फळी वाढवली. मग लांबी बघून म्हणाला, एवढं केलंच आहे तर शिडाची होऊ दे.

आमच्याकडे पाण्यात न उतरलेल्या बोटीला मोजायचा टेप लावत नाहीत. टेप प्रेताला लावायचा, पेटी करण्यासाठी. बोटीला लावला तर ती पहिल्याच वाऱ्यात माणूस घेते, असं मानतात. मी गवंडी, मला हे कधी पटलं नाही. पण माझी बोट नव्हती. सगळं गाव रोज तिथून जायचं. बोट फुगत होती, वाट नव्हती फुगत. प्रत्येकाला वाटलं, दुसरं कुणीतरी बोललं असेल. मलाही तसंच वाटलं. ऑटिलीचे पाहुणे फोटो काढायचे, कथबर्टला वारा घालायचे, आणि ती फळीवरची अक्षरं दरवर्षी नव्याने रंगवायची.

बोट पूर्ण झाली. पाण्यात उतरवायचा दिवस ठरला, पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीला. पाद्रीबाबांना सांगणं गेलं. ब्रुकलिनहून चुलतभाऊ निघाले. बळीचा बोकड आणि मेंढा बांधून ठेवले.

त्या आठवड्यात ऑटिलीकडे इंगे नावाची एक डॅनिश बाई उतरली होती. उंच, हाडापेराने मजबूत, शाळेत चित्रकला शिकवणारी. तिला बोटीचं चित्र प्रमाणात काढायचं होतं. आमचं टेपचं तिला कुणी सांगितलं नाही. आम्ही सगळे दुपारच्या जेवणाला बसलो होतो. मक्याच्या पिठाचा कूकू, ओल्या तुरीच्या शेंगांचे दाणे, शंखातल्या मांसाचं कालवण. इंगे हात धुऊन आली, टेप खिशात घालत.

"फार सुंदर बोट आहे, मिस्टर कथबर्ट," ती म्हणाली. "पण ती बाहेर कशी काढणार? मी मोजलं. या स्वयंपाकघरातूनच न्यावी लागेल."

शेजारचा एकजण कालवणात शंख शोधायला लागला. त्याच्या वाडग्यात शंख उरला नव्हता.

"तुला दिसत नव्हतं?" ऑटिलीने भावाला विचारलं.

"तुझं स्वयंपाकघर. मी कसं बोलू?"

"बोट तुझी, डोळे तुझे, दोरी तू धरलीस!"

"तूच रोज लोकांना दाखवत होतीस. दाखवताना तू काय बघत होतीस?"

"मी तुझ्याकडे बघत होते, मूर्खा! म्हातारपणी हसायला लागला होतास म्हणून!"

त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलेनात. जेवायला मात्र तो तिथेच यायचा, कारण दुसरीकडे कुठे जाणार? मध्ये बसायची इंगे.

"इंगे, त्या माणसाला सांगा, सूप थंड होतंय."

इंगे गंभीरपणे वळायची. "मिस्टर कथबर्ट, सूप थंड होतंय."

"त्या बाईला सांगा, मला भूक नाही."

"त्यांना भूक नाही म्हणतात."

"मग वाडगा का चाटतोय ते विचारा."

हसण्यावारी नेलं तरी पेच खरा होता. टाकी फोडता येत नव्हती, उन्हाळा चालू होता. खोल्यांमध्ये माणसं होती. राहिलं स्वयंपाकघर, आणि तेच ऑटिलीचं पोट. कथबर्ट मागणार नव्हता. म्हणाला, "बहिणीची चूल मोडून बोट काढायची असेल तर मी बोट बांधायलाच नको होती." आणि त्याने मागितल्याशिवाय ती देणार नव्हती. भरती काही कुणासाठी थांबणार नव्हती. पुढचं तसं उधाण वादळांच्या दिवसांत, तेव्हा कुणी बोट उतरवत नाही.

अशात पलीकडच्या बाजूचा एक हॉटेलवाला येऊन गेला. त्याने बोटीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि कथबर्टला म्हणाला, "हलवूच नका. इथेच राहू दे. मी घेतो. आत टेबलं टाकू, वर माडाच्या झावळ्या. लोक बोटीत बसून पितील. या खाडीत बघण्यासारखं दुसरं आहे काय?"

कथबर्ट आडमुठा. हट्टापायी त्याने नाही म्हटलं नाही. "बघू," म्हणाला. त्याच्या तोंडून बघू म्हणजे जवळजवळ होच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा पीत होतो तेव्हा ऑटिली दारात उभी. हातात घण. दांडा अगदी पुढे धरलेला. तसा धरला तर अर्धा जोर मनगटातच मरतो.

"मागे धर," मी म्हणालो. "आणि हे काय?"

"माझ्या भावाच्या बोटीत बसून लोक कागदी छत्र्या खोचलेले ग्लास पिणार? फळ्यांना पाणी लागणार नाही आणि वरून दारू सांडणार?" ती धापा टाकत होती. "भिंत पाडायची. चल."

"ती भिंत अशी पडत नाही."

"तूच बांधलीस ना?"

"म्हणून तर."

मी घण तिच्या हातातून काढून घेतला आणि छिन्नी घेतली. घणाने पाडली तर ब्लॉक फुटतात, मग परत बांधायला काय घेणार? भिंत पाडायची नसते, उलटी बांधायची असते. आधी पत्रे उतरवायचे, खिळे सरळ करून डब्यात ठेवायचे. मग वरच्या थरापासून एकेक सांधा मोकळा करायचा. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "भाषण चालता चालता दे."

तिने चूल, भांडी, पीठ, सगळं चिंचेखाली नेलं. पाहुणे उठून आले आणि बघतात तर न्याहारी झाडाखाली. एक कॅनडाचं जोडपं त्या दिवशी सँडी आयलंडला जाणार होतं. ते गेले नाहीत. त्यांनी विचारलं, आम्ही मदत करू का? मी त्यांना उतरवलेल्या ब्लॉकवरचा सिमेंटचा जुना माल खरवडायला बसवलं. पहिला ब्लॉक त्यांनी कुरवाळला. दुसरा बरा झाला. दुपारपर्यंत नवरा विळा चालवावा तशी थापी चालवत होता. इंगेला मी खिळे दिले. ती बाई खिळा सरळ करायची तो असा की नव्या खिळ्याने लाजावं.

ठोके ऐकून कथबर्ट आला. माझ्याकडे बघून म्हणाला, "हे काय चाललंय?"

भिंतीपलीकडून ऑटिली म्हणाली, "इंगे, त्याला सांगा, भिंत काढतेय. आंधळा असेल तर."

इंगेने मान वर केली नाही. "मी कामात आहे," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा."

मीही छिन्नी थांबवली. ऑटिलीला बाहेर यावं लागलं. केसात सिमेंट, गालावर सिमेंट.

"भिंत काढतेय."

"कशाला?"

"उजेड येत नव्हता."

कथबर्ट उभा राहिला. मग मला म्हणाला, "विन, तो कोपरा आधी नको काढूस. वासा खाली येईल." आणि जाऊन त्याने वाशाचं दुसरं टोक खांद्यावर घेतलं.

संध्याकाळी हॉटेलवाला परत आला. त्याला ब्लॉक खरवडायला दिला. तो लवकर गेला.

कोपऱ्यांतल्या लोखंडाने माझी परीक्षा घेतली. करवतीची पाती मोडत होती आणि मी स्वतःलाच शिव्या देत होतो. एवढं लोखंड कशाला घातलं होतंस, कुठला हत्ती बांधायचा होता?

उधाणाच्या दिवशी सकाळी वाट मोकळी होती. फक्त जोतं राहिलं होतं. त्यावर ओंडके टाकून बोट सरकवू, असं ठरलं. बोकड झाला, मेंढा झाला, पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं, कथबर्टने रम शिंपडली. आमची ती रम इतकी कडक, की बर्फ टाकला तर तो तळाशी जातो. मग नावावरचं फडकं काढायची वेळ आली. ते ऑटिलीने काढायचं होतं. सगळ्यांना वाटत होतं, तिचंच नाव असणार. तिलाही वाटत असावं, कारण तिने नवी हॅट घातली होती.

फडकं ओढलं. खाली लिहिलं होतं: मिस युडोरा.

"आईचं," ती म्हणाली. "बरोबर आहे. माझं नाव तू डोणीला देशील."

"डोणीलाही नाही," कथबर्ट म्हणाला. "बुडेल."

सगळे हसले, ती सगळ्यात जास्त. हॅट काढून तिने झाडाला अडकवली.

मग आधाराचे खांब तोडायला सुरुवात झाली. हे काम बघण्यासारखं असतं. दोन्ही बाजूंनी कुऱ्हाडवाले. कथबर्ट खुणेने दाखवेल तो खांब, तेवढेच घाव. बोट हळूहळू एका कुशीवर कलते, जशी गाय बसते. ओंडक्यांवर बसली. समुद्रात नांगर टाकलेला, त्याला कप्पी, कप्पीतून आलेला दोर किनाऱ्यावर. दोराला गाव, ब्रुकलिनचे चुलतभाऊ, कॅनडाचं जोडपं, इंगे सगळ्यात पुढे.

ओढताना हाक लागते. हाक नसली तर शंभर माणसं शंभर वेळा ओढतात आणि बोट जागच्या जागी. आमच्या खाडीत हाक ऑटिलीची. इस्त्रीच्या वाफेत वर्षं काढूनही तिचा आवाज दगडावर आपटल्यासारखा येतो.

"कोणाची पोर?"

"युडोराची पोर!"

"कुठे चालली?"

"पाण्यात चालली!"

चालली या शब्दावर सगळे एकदम. बोट सरकली. चिंच सुटली, अंगण सुटलं, स्वयंपाकघराच्या जागेत शिरली. जिथे काल चूल होती तिथून बोट जात होती. आणि थांबली.

बोटीच्या तळाचा कणा माझ्या उंबरठ्याला अडकला होता. ओंडक्यांवरून जाईल असं मला वाटलं होतं. वजनाने ओंडका दबला, कणा खाली आला. माझं काँक्रीट हलायला तयार नव्हतं.

"मागे घ्या?" कुणीतरी ओरडलं.

"मागे घ्यायची नाही," कथबर्ट म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. भरती पूर्ण चढली होती. आता उतरणार होती.

मी छिन्नी घेतली आणि कण्याशेजारी आडवा झालो. गुडघे काय म्हणत होते ते ऐकायला वेळ नव्हता. काँक्रीट घाईने फोडायला गेलं तर छिन्नी उडते. एकाच रेघेत, एकाच खोलीचे घाव घालायचे. वर बोट, दोर ताणलेला. दोर सुटला असता तर ती माझ्यावर आली असती.

ऑटिलीने हाक बंद केली. माणसं ताण धरून उभी होती आणि नुसता ताण धरणं हे ओढण्याहून अवघड. ती दोराच्या कडेने चालत राहिली.

"बसू नका. बसला त्याला कालवण नाही. मॅकेन्झी, पोट आत घे, दोराला टेकतंय. इंगे, तुम्ही छान धरलाय, या ब्रुकलिनवाल्यांना दाखवा. काय रे, तिकडे फक्त लिफ्टचं बटण दाबता का?"

उंबरठ्याला चीर गेली. मी पाचर ठोकली. तुकडा सुटला, मी अंग बाजूला घेतलं आणि हात वर केला.

"कोणाची पोर?" ती ओरडली.

मिस युडोरा माझ्या जोत्यावरून गेली, वाळूवरून गेली आणि पाण्यात शिरताना सरळ झाली. कथबर्ट कमरेइतक्या पाण्यात उभा राहून तिच्या बाजूवर हात ठेवून होता. दुसऱ्या हाताने तो डोळे पुसत होता. ऑटिली काठावरून म्हणाली, "रडायचं असेल तर बाहेर येऊन रड, पाणी आधीच भरपूर आहे."

शिडं लागल्यावर त्याने पहिल्यांदा तिलाच बसवलं. हॅट घालून, दोन्ही हातांनी डोलकाठी धरून ती सँडी आयलंडला गेली. संध्याकाळी आली ती चिडलेली.

"पोपटमासे डाव्या अंगाला नाहीत. उजव्या अंगाला आहेत. इतकी वर्षं मी लोकांना चुकीचं सांगतेय. एकाने तरी बोलायचं की नाही?"

कथबर्ट शिडं गुंडाळायला लागला.

स्वयंपाकघर परत बांधायचं होतं. ब्लॉक स्वच्छ, रचलेले, एकही फुटलेला नाही. मी विचारलं, "त्याच जागी?"

"मग काय समुद्रात?"

पाया बघायला गेलो तर चिंचेखाली सीडरचा नवा ओंडका पडलेला. कथबर्ट त्याच्यावर बसून एक डोळा मिटत होता.

"लहानशी," तो म्हणाला. "मासेमारीपुरती."

मी घरी गेलो आणि सुताराकडून फळ्या मागवल्या. दोन बाजूंना ब्लॉक घातले. चिंचेकडच्या आणि समुद्राकडच्या भिंती फळ्यांच्या केल्या, बोल्ट लावून, पाना फिरवला की सुटतील अशा. उंबरठा केला नाही. ऑटिली येऊन ते बघून गेली. तिने बोल्ट हाताने हलवून बघितला.

"हे पक्कं आहे ना?"

"वाऱ्याला पक्कं आहे," मी म्हणालो. "तुझ्या भावाला नाही."

तिने निळी फळी खाली काढली आणि शेवटच्या ओळीखाली पाहुण्यांसाठी आणखी एक काम रंगवायला बसली: स्वयंपाकघर उचलणे, विचारून.